सौर पॅनेलचे वय



शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्रत्येक वस्तूविषयी अखेरीस एकच प्रश्न उरतो: वस्तू चालू आहे की निकामी? खुर्ची, फळा, घंटा, तराजू यांच्या बाबतीत उत्तर देणे सोपे जाते. मोडलेली खुर्ची कोणालाही मोडलेली दिसते. अलीकडे याच नोंदवहीत सौर पॅनेल येऊन बसले आहे, आणि त्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुष्कळदा घाईने दिले जाते. वर्गातील दिवा मंद झाला, पंखा सुरू होताच थांबू लागला, की 'पॅनेल जुने झाल्याने निकामी' असा शेरा पडतो आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तालुक्याच्या गावी रवाना होतो. पॅनेल खरोखरच म्हातारे झाले आहे काय, आणि झाले असल्यास किती, हे मात्र त्या प्रस्तावात कोठेच नमूद केलेले नसते.

एका द्विशिक्षकी शाळेचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. पाड्यावरील ही शाळा; ७५ वॅटचे एक पॅनेल, एक बॅटरी, चार दिवे व एक लहान पंखा एवढाच तिचा विजेचा संसार. पॅनेल बसवून बारा वर्षे होऊन गेली होती. दिवे लागेनासे झाले तेव्हा निर्लेखनाचा कागद तयार झाला. सुदैवाने तो पुढे जाण्यापूर्वी एक जाणता तंत्रज्ञ गावात दुसऱ्या कामासाठी आलेला होता, व मुख्याध्यापकांनी त्याला छतावर नेले. त्याला काय दिसले? बॅटरीतील पाणी आटून आतील शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट साका चढला होता. दुपारी दोननंतर शेजारच्या कडुनिंबाची एक फांदी पॅनेलच्या खालच्या ओळीवर सावली धरीत होती. आणि काचेवर धुळीचा असा थर होता की बोटाने नाव लिहिता यावे. कोणा विद्यार्थ्याने ते लिहिलेही होते.

काच धुऊन, तारा सोडवून, नोव्हेंबरातील एका निरभ्र दुपारी मापकाने पाहिले, तेव्हा पॅनेलने २० व्होल्टचा दाब आणि ४ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह दाखविला. पॅनेलच्या पाठीवरील पट्टीवर नव्या स्थितीतील आकडे २१.६ व ४.८ असे छापलेले होते, आणि तेही नोव्हेंबरातील उन्हाहून प्रखर अशा प्रमाणित उन्हासाठी. म्हातारी झाली होती ती बॅटरी. निर्लेखन चालले होते ते पॅनेलचे.

बॅटरी आधी थकते आणि सौरघट पुष्कळ मागून थकतात, हा क्रम या विद्येच्या बाल्यावस्थेपासून दिसत आला आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघा संशोधकांनी १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट जगापुढे ठेवला. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचीच वीज होत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० टक्क्यांच्या वर जातात. पुढे चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, 'व्हॅनगार्ड १' हा लहानसा उपग्रह सोडण्यात आला. त्यावर दोन प्रक्षेपक होते, एक रासायनिक बॅटरीवर चालणारा आणि दुसरा सौरघटांवर. बॅटरीचा प्रक्षेपक त्याच वर्षी जूनमध्ये मुका झाला. सौरघटांवरचा मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिला. पाड्यावरील शाळेच्या छतावर घडले ते याहून फारसे निराळे नव्हते.

सौरघटाला हे दीर्घायुष्य कसे लाभते, हे त्याच्या कामाच्या रीतीवरून ध्यानात येईल. सौरघट म्हणजे सिलिकॉनच्या स्फटिकाची अतिशय पातळ चकती. तिची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. तिच्यावर प्रकाश पडला की आतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चकतीच्या दोन थरांच्या सीमेवर असलेल्या विद्युत्क्षेत्रामुळे एका ठराविक दिशेने ढकलले जातात. तोच विद्युत्प्रवाह. चुलीत लाकूड सरते, कंदिलात तेल सरते, इंजिनात दट्ट्या झिजतो. येथे सरणारे किंवा झिजणारे काही नाही. नव्या पॅनेलची शक्ती उन्हात ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांतच एक-दोन टक्क्यांनी उतरते, कारण प्रकाशामुळे सिलिकॉनमधील बोरॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंची काही जोडणी होऊन ती इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा आणते. ही उतार लवकरच थांबते. त्यानंतर सिलिकॉन स्वतः फारसे बदलत नाही.

मग वार्धक्य येते कोठून? ते येते सौरघटाच्या वस्त्रांतून. पॅनेल उभे कापून पाहता आले, तर वरून खाली असा क्रम दिसेल: जाड टणक काच, तिच्याखाली ई.व्ही.ए. या पारदर्शक प्लॅस्टिकचा थर; मग चकत्या व त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या, डाख देऊन बसविलेल्या तांब्याच्या बारीक पट्ट्या; पुन्हा ई.व्ही.ए.चा थर, आणि सर्वांत खाली प्लॅस्टिकचा पांढरा पडदा. भोवती अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि पाठीवर तारांची लहान पेटी. सिलिकॉनला उन्हाचे भय नाही. पण ऊन, उष्णता व ओल ही तिन्ही मिळून या प्लॅस्टिकला व धातूच्या सांध्यांना हळूहळू खात असतात.

ई.व्ही.ए.चा थर नवा असताना काचेसारखा स्वच्छ असतो. वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरण आणि उष्णता सोसून तो पिवळा, पुढे तपकिरी होतो, आणि चकतीपर्यंत पोहोचणारा प्रकाश अडवू लागतो. जुन्या कंदिलाची काच काजळली म्हणजे ज्योत तीच असूनही उजेड कमी पडतो, तसेच हे. फरक एवढाच की कंदिलाची काच राखेने घासता येते, हा थर आतला असल्याने तेथे हात पोहोचत नाही. हा दोष जगाच्या नजरेस मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. तेथील कॅरिझो मैदानावर १९८३ ते १९८५ या काळात सुमारे ५.२ मेगावॅटचे सौर वीजकेंद्र उभारले गेले; त्या काळी जगात एवढे मोठे दुसरे नव्हते. अधिक वीज मिळावी म्हणून पॅनेलांच्या दोन्ही अंगांना आरसे लावून त्यांच्यावर जादा ऊन पाडले होते. जादा उन्हाबरोबर जादा उष्णताही आली, आणि काही वर्षांतच पॅनेलांतील ई.व्ही.ए. तपकिरी झाले. उत्पन्न घसरले आणि १९९० नंतरच्या दशकात ते केंद्र उकलून टाकण्यात आले. लोभ महागात पडला, पण अभ्यासकांचा त्यामुळे लाभ झाला. पुढील काळातील ई.व्ही.ए.ची घडण बरीच सुधारली.

ओल आत शिरली तर दुसरे संकट उभे राहते. ई.व्ही.ए. विघटित होताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला ज्याच्यामुळे आंबटपणा येतो तेच आम्ल, थोडथोडे सुटते. हे आम्ल चकतीवरील चांदीच्या बारीक रेषा व डाखाचे सांधे यांना गंजविते. शिवाय सांध्यांना रोजचा ताण असतोच. दुपारी पॅनेल ६० ते ७० अंशांपर्यंत तापते, पहाटे निवते. तांबे एका मापाने प्रसरण पावते, सिलिकॉन दुसऱ्या. तार पुन्हापुन्हा वाकवली की ती एका जागी तुटते, तसे हे सांधे हजारो दिवसांच्या ओढाताणीने सैल होतात. कारखान्यात पॅनेलांच्या नमुन्यांची परीक्षा घेताना हेच सारे थोड्या काळात घडवून आणतात: उणे ४० अंशांपासून ८५ अंशांपर्यंत दोनशे वेळा तापविणे व निवविणे, ८५ अंश उष्णता व ८५ टक्के दमटपणा यांत हजार तास ठेवणे, बर्फाच्या गोळ्यांचा मारा करणे. या परीक्षेत उतरलेले पॅनेलही छतावर कसे वागवले जाते यावर त्याचे पुढील आयुष्य ठरते. वाहतुकीत आपटलेल्या किंवा सफाईच्या निमित्ताने ज्यावर कोणी उभे राहिले अशा पॅनेलच्या चकत्यांना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. काच शाबूत असल्याने सर्व ठीक वाटते. तडे मात्र ऋतूंच्या फेऱ्याबरोबर वाढत जातात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. पॅनेलमधील ३६, ६० अथवा ७२ चकत्या एकामागे एक अशा जोडलेल्या असतात. शेताच्या पाटाला एका जागी माती ढासळून अडथळा आला, की पुढच्या साऱ्या वाफ्यांना त्या अरुंद जागेतून जाईल तेवढेच पाणी मिळते. पाट इतरत्र कितीही रुंद असो. चकत्यांच्या ओळीचेही तसेच आहे. एक चकती दुबळी झाली वा एकीवर सावली पडली, तर सगळ्या ओळीचा प्रवाह तिच्या बेताने चालतो. इतकेच नव्हे, तर इतर चकत्यांची वीज त्या दुबळ्या चकतीत उष्णतेच्या रूपाने खर्च होऊन ती जागा भाजून निघते. पक्ष्याची वाळलेली विष्ठा महिनोन्‌महिने एकाच जागी राहिली तरी हे होऊ शकते. यावर उपाय म्हणून पाठीवरच्या पेटीत बायपास डायोड बसविलेले असतात. ते अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. पण वळसा घातला म्हणजे तेवढ्या भागाची वीज गेलीच.

आता वार्धक्याचा वेग किती, हा प्रश्न. जगभरच्या मोजमापांचा एक मोठा आढावा अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील जॉर्डन व कुर्ट्झ या संशोधकांनी घेतला आहे. सुमारे दोन हजार मापे त्यांनी एकत्र केली. त्यांचे मध्यक दरसाल ०.५ टक्के आणि सरासरी दरसाल ०.८ टक्के आली. मध्यकाहून सरासरी मोठी आली, ती काही थोडी पॅनेले फार वेगाने ढासळतात म्हणून; बहुसंख्य सावकाशच उतरतात. सांख्यिकी शिकविताना मध्यक आणि सरासरी यांतील भेद सांगण्यास याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही. ३०० वॅटचे पॅनेल घेतले आणि दरसाल मूळ शक्तीच्या ०.५ टक्के घट धरली, तर वर्षाला दीड वॅट कमी होतो. वीस वर्षांनी ते २७० वॅटचे उरते. ०.८ टक्के धरली तर पंचवीस वर्षांनी २४० वॅट, म्हणजे मूळच्या ८० टक्के. कारखानदार पुष्कळदा पंचवीस वर्षांनी ८० टक्के शक्तीची हमी देतात, ती याच हिशेबाच्या आसपासची आहे. हमी संपली म्हणजे पॅनेल मेले, असा अर्थ त्यातून निघत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी आहे. तेथे १९८२ साली २८८ पॅनेलांचे, सुमारे १० किलोवॅटचे एक केंद्र सार्वजनिक वीजजाळ्याला जोडले गेले. युरोपातील अशा प्रकारचे ते पहिले. तेथील तंत्रशाळेच्या अभ्यासकांनी ही पॅनेले ठराविक काळाने उतरवून, प्रयोगशाळेत मोजून, पुन्हा जागेवर चढविण्याचा नेम दशकानुदशके पाळला. पस्तीस वर्षांनंतरच्या तपासणीत त्यांना आढळले की, एकाच कारखान्याची, एकाच छतावर, एकाच उन्हात वाढलेली ही भावंडे सारख्या गतीने म्हातारी झालेली नाहीत. एका गटाची घट दरसाल सुमारे ०.२ टक्के, तर दुसऱ्या मोठ्या गटाची सुमारे ०.७ टक्के. सिलिकॉन दोहोंचे सारखेच होते. वेगळे होते ते चकत्यांभोवतीचे पारदर्शक प्लॅस्टिक. ते मोटारीच्या पुढच्या काचेत घालतात त्या जातीचे असून निरनिराळ्या घडणीचे वापरले गेले होते. वस्त्र चांगले निघाले, त्यांचे आयुष्य चांगले गेले.

परंतु लुगानोचे हवामान आणि विदर्भातील मे महिना यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्या देशातील स्थितीचा अभ्यास पवई येथील मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या सहकार्याने केला आहे. २०१३ पासून त्यांनी देशाच्या निरनिराळ्या हवामानाच्या प्रदेशांत जाऊन, प्रत्यक्ष छतांवर व माळांवर पॅनेले मोजली. उष्ण प्रदेशांत घट अधिक वेगाने होते असे आढळले, हे अपेक्षितच होते. दुसरा निष्कर्ष मात्र शाळांनी मनावर घेण्याजोगा आहे: मोठ्या वीजकेंद्रांतील पॅनेलांपेक्षा छतांवरील लहान संचांची प्रकृती अधिक खालावलेली दिसली. मोठ्या केंद्रात माल पारखून घेतला जातो, बसविणारे हात सरावलेले असतात आणि देखरेख नित्याची असते. लहान संचाला यांतले काय लाभते, हे ग्रामीण शाळांना सांगावयास नको. छताला अगदी चिकटवून बसविलेल्या पॅनेलखाली वारा खेळत नाही व ते अधिक तापते. बसविताना खाली वीतभर मोकळी जागा मागून घेण्याने हे टळते.

खरे वार्धक्य आणि वार्धक्याचा भास यांत गल्लत होते, ती येथेच. उष्णतेने तात्पुरती शक्ती उतरणे हा एक भास. स्फटिकरूप सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांवर मोजलेले असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के शक्ती कमी होते. पॅनेल ६५ अंशांना तापले की १६ टक्के शक्ती गेलेली असते, आणि संध्याकाळी ते निवले की परतही येते. म्हणून एप्रिलच्या रणरणत्या दुपारी पॅनेल डिसेंबरापेक्षा मंद वाटले, तर ते म्हातारपण समजू नये. धूळ हा दुसरा भास. वीटभट्टी, खडीकेंद्र वा कच्चा रस्ता जवळ असेल तेथे तर फारच मोठा. सावली हा तिसरा. झाड दरवर्षी वाढते आणि त्याची सावली पॅनेलच्या वयाबरोबर वाढत जाते, त्यामुळे दोष वयाचाच वाटतो. (उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे छत पापड-कुरडया वाळविण्यास सोयीचे पडते, हे कोणी नाकारीत नाही, त्या पॅनेलवर मात्र पसरू नयेत.) चौथा भास बॅटरीचा. शिशाच्या साध्या बॅटरीचे आयुष्य बहुधा तीन ते पाच वर्षे असते; नव्या लिथियम जातीच्या त्याहून अधिक टिकतात. पॅनेलच्या एका आयुष्यात शिशाच्या बॅटऱ्या पाच-सहा वेळा बदलाव्या लागतात, आणि ही तरतूद अंदाजपत्रकात प्रारंभीच धरलेली नसेल तर दोष पॅनेलच्या माथी येतो.

काच धुण्याचे काम सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास करावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास ती तडकण्याचा धोका असतो. मऊ कापड व साधे पाणी पुरे. राख, वाळू, भांडी घासण्याची पूड यांनी काचेवर ओरखडे पडतात. विहिरीचे पाणी जड असेल तर काच लगेच पुसून कोरडी करावी, अन्यथा क्षारांचा पांढरा पापुद्रा बसतो व तो धुळीपेक्षा चिवट असतो. पॅनेलवर पाय ठेवू नये, हे पुन्हा सांगितलेले बरे.

यानंतर मोजमाप. वर्षातून एकदा, ठराविक महिन्यात, निरभ्र दिवशी, काच धुऊन कोरडी झाल्यावर, दुपारी बाराच्या सुमारास एकट्या लहान पॅनेलचा दाब व प्रवाह जाणत्या वीजकामगाराकडून मापकाने मोजून घ्यावा आणि दिनांक, वेळ, हवा व आकडे नोंदवहीत लिहावेत. एका वर्षाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही; पाच-सहा वर्षांच्या ओळीतून मात्र घट दिसू लागते. जेथे अनेक पॅनेले ओळीने जोडलेली आहेत तेथे शिक्षकाने वा विद्यार्थ्याने तारांना हात लावू नये. अशा ओळीत शेकडो व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि त्याची ठिणगी सहजी विझत नाही. अशा शाळांनी इन्व्हर्टरच्या पडद्यावरील युनिटांचा आकडा दर महिन्याच्या पहिल्या तारखेस टिपून ठेवावा. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी त्याची तुलना करावी. जुलैची तुलना मार्चशी केल्यास निष्कर्ष चुकेल.

मुलांसाठी एक निर्धोक प्रयोग करता येतो. सौरकंदिलाचे बोटभर उंचीचे पॅनेल व एक साधा मापक घ्यावा. उन्हात प्रवाह मोजावा. नंतर पुठ्ठ्याच्या तुकड्याने केवळ एकच चकती झाकावी व पुन्हा मोजावा. मुले बहुधा म्हणतात, एक चकती झाकली तर थोडीशीच वीज कमी होईल. काटा जवळजवळ शून्यावर येतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यानंतर पाटाचा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

निर्लेखनाची वेळ कधी खरोखरच येते. काच फुटून आत पाणी गेले, पाठीचा पडदा चिरला जाऊन आतील भाग उघडा पडला, एखादी जागा जळून काळी झाली, तर ते पॅनेल वापरात ठेवणे धोक्याचे. शक्ती उरलेली असो वा नसो. अशा वेळी ते भंगारवाल्याला वजनावर देऊ नये. त्याच्या डाखात थोडे शिसे असते, तर काच, अ‍ॅल्युमिनियम, तांबे व चांदी परत मिळविता येतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या केंद्र शासनाच्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलांचाही अंतर्भाव असून, त्यांची विल्हेवाट अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडूनच व्हावयास हवी. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत मोजमापाचे आकडे व दोषाचे छायाचित्र जोडावे. 'जुने झाल्याने' एवढे कारण पुरेसे होत नाही.

पाड्यावरील त्या शाळेचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी मागे घेतला व त्याऐवजी नव्या बॅटरीची मागणी केली. ती मंजूर होण्यास पाच महिने लागले. तोवर दिवे बंदच होते. कडुनिंबाची फांदी ग्रामस्थांनी एका सकाळी उतरविली. नोंदवहीच्या मागील बाजूस पाच रकाने आखलेले आहेत आणि दर नोव्हेंबरात वीजकामगार सांगेल तो आकडा चौथीची मुले आपल्या अक्षरात तेथे लिहितात. यंदाच्या नोंदीत दाबाखाली १९.९ असून शेवटच्या रकान्यात 'आकाश निरभ्र, काच धुतली' असे लिहिलेले आहे.